कुणाच्या तरी आईची भाषा

चौफुल्याहून सुटणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये रोज सकाळी मिलानचं हवामान कळायचं. कधी सोलचं, कधी ओसाकाचं. सांगणारा माणूस ड्रायव्हरच्या मागे दुसऱ्या सीटवर, खिडकीशी, कानात इअरफोन घालून डोळे मिटून बसलेला असायचा. बस न्हावऱ्याहून निघाली की तो डोळे उघडायचा आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणायचा, "मिलानला आज धुकं हाय. दुपारनंतर उघडंल."

मागून कुणीतरी ओरडायचं, "आप्पा, न्हावऱ्याला काय हाय?"

"खिडकीतनं बघ की. त्याला भाषा कशाला लागती?"

त्यांना सगळे आप्पाच म्हणायचे. रांजणगावच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कंपनीत ते स्टोअरला होते. जाळीची एक खिडकी, मागे लोखंडी रॅक, आणि त्या खिडकीतून दिवसभर पाने, बेअरिंगं, हातमोजे द्यायचं काम. मी नुकतीच डिप्लोमा करून क्वालिटीत लागले होते. न्हावऱ्याला बसमध्ये चढले तेव्हा एकच सीट रिकामी होती, आप्पांच्या शेजारची. ती रोजच रिकामी असायची हे मला नंतर कळलं. तिथं बसणाऱ्याला प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत.

"पोरी, पाव्हण्याच्या घरनं उठताना तुमच्यात काय म्हणत्यात?"

"येते म्हणतात."

"जाते न्हाई म्हणत?"

"नाही."

"का?"

आप्पांनी मग कानातला इअरफोन काढला. "जपानी माणूस घरातनं निघताना म्हणतो, इत्ते किमासु. म्हंजी काय? जाऊन येतो! कुठं जपान, कुठं भांडगाव. आन् तिकडं कोरियात दोघांचं दोन शब्द. जाणारा म्हणतो, सुखानं राहा. राहणारा म्हणतो, सुखानं जा." हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा एखाद्याला जत्रेत हरवलेला भाऊ भेटावा.

असे निरोपाचे शब्द त्यांनी गोळा केले होते. प्रत्येक नव्या परक्या माणसाला ते दोनच गोष्टी आधी विचारत. निरोप कसा घेता, आणि जनावराला हाक कशी मारता.

हे दुसरं त्यांच्या घरातून आलेलं होतं. आप्पांचे वडील मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड घालून कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. आप्पा आठवीपर्यंत शिकले ते अधूनमधूनच. घाट उतरला की बोली बदलते, आणि रोज नव्या गावात कुणाच्या तरी शेतात कळप बसवायची परवानगी मागावी लागते. ते बोलणं त्यांचे वडील करत. "आमचा बा म्हणायचा, ज्याच्या रानात बसायचं त्याच्या बोलीत बोलावं. तिथनं मला खोड लागली."

पुढं भांडगावला घर झालं, पाटाचं पाणी आलं, मेंढरं गेली, आप्पा कंपनीत चिकटले. खोड राहिली. आधी लोडिंगच्या ओडिशाच्या लोकांकडून ओडिया, मग बंगाली. कंपनीत परदेशी मशिनं यायला लागली, तशी त्या मशिनांसोबत येणाऱ्यांची.

शिकायची त्यांची रीत कुणालाही सांगून पटली नसती. ते एक शब्दसुद्धा लिहून घेत नसत. मी एकदा वही आणून दिली, ती त्यांनी नातेवाइकांत कुणाच्यातरी पोराला देऊन टाकली. "लिहिलं की माणूस विसरायला मोकळा. बा तीनशे मेंढरं मोजायचा न्हाई. तोंडं वळखायचा. एक कमी असली तर कोण न्हाई ते सांगायचा." हवामान ऐकायचं कारणही त्यांनी सांगितलं होतं. "बातम्यांत लई शब्द. हवामानात बी खोटं बोलत्यात, पण सोप्या शब्दांत."

घरी मात्र वेगळा प्रकार. मी पहिल्यांदा भांडगावला त्यांच्याकडं गेले तेव्हा मावशी, म्हणजे आप्पांच्या मिसेस, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "सहा भाषा येत्यात म्हणं ह्यांला. मला इचार, लग्नाला बत्तीस वर्सं झाली. व्हय आन् न्हाई. दोन शब्दांवर संसार केला."

आप्पा म्हणाले, "व्हय."

माझी इंग्रजी तेव्हा भीतीची होती. मराठी शाळा, शिरूरला कॉलेज. पेपर सोडवता यायचे, पण समोर कुणी इंग्रजी बोललं की जीभ टाळूला चिकटायची. एका मापात फरक येत होता आणि तो मला कोरियन इंजिनिअरला समजावून सांगायचा होता. ड्रॉइंग हातात धरून मी स्टोअरच्या खिडकीपाशी उगाचच उभी राहिले. आप्पांनी ओळखलं.

"घाबरती कशाला? त्याची इंग्रजी तुझ्याहून वाईट हाय. त्यानं बी परीक्षेलाच शिकलीय." मग जरा थांबून म्हणाले, "आन् हे बघ, कुठली बी भाषा कुणाच्या तरी आईची असती. तिला भ्यायचं न्हाई. नीट हाक मारली की ती पोटाशी घेती."

मी गेले. तुटक बोलले, बोटांनी दाखवलं. त्यानंही तसंच केलं. मापाचा घोळ दहा मिनिटांत मिटला. त्या दिवसानंतर मी इंग्रजीला घाबरले नाही असं म्हणणार नाही, पण पळाले नाही.

याच कोरियन माणसाचं आणि लाइनवरच्या पोरांचं जमत नव्हतं. तो कुणाशी बोलायचा नाही, वरती तक्रारी करायचा. पोरं म्हणायची, माजलाय. आप्पांनी आठवडाभर फक्त बघितलं. त्यांच्या लक्षात आलं की खिडकीतून पाना घेताना हा माणूस उजवा हात पुढं करतो आणि डावा हात उजव्याच्या कोपराला लावतो. आणि आमची पोरं त्याला पाना डाव्या हातानं, दुसरीकडं बघत देतात.

जेवणाच्या सुट्टीत आप्पांनी पोरांना गोळा केलं. "महागणपतीच्या देवळात प्रसाद कसा घेता रं?"

पोरांनी उजव्या हाताखाली डावा धरून दाखवला.

"तसाच त्याला पाना द्या. त्यो आपल्याला अडाणी समजत न्हाई. त्यो समजतो, आपुन त्याला मान देत न्हाई."

चार दिवसांत तो माणूस पोरांच्या टेबलावर जेवायला बसला. आधी एकेकाचं वय विचारलं. पोरं बुचकळ्यात पडली. आप्पा खुश. "वय इचारणारच! त्याबिगर अरे म्हणायचं का अहो, ते कळायचं कसं? आपलाच माणूस हाय." आप्पांना तो आजोशी म्हणायचा. आप्पा सगळ्यांना सांगायचे, "म्हंजी मामा."

पण आप्पा म्हटलं की मला आठवतो तो इटालियन.

मोठी प्रेस लाइन बसवायला तो आला होता. उंच, पांढऱ्या केसांचा, साठीच्या आसपासचा फिटर. भडक डोक्याचा. इंग्रजी कामापुरती. चुकीचा नट दिला की फरशीवर आपटायचा. पहिले पंधरा दिवस आप्पा त्याच्याकडून फक्त सामानाची नावं शिकले. मोल्ला म्हणजे स्प्रिंग. वीते म्हणजे स्क्रू. पान्याला तो क्यावे म्हणाला, आणि कुलपाच्या किल्लीलाही क्यावेच, तेव्हा आप्पांनी खिडकीवर थाप मारली. "चावी! आरं, आमची चावी तुमच्याकडं कशी?" तो माणूस दचकला.

मग एके दुपारी, काम थंडावलेलं असताना, आप्पांनी आपला प्रश्न विचारला. मी तेव्हा तिथं मापं तपासायचं गेज घ्यायला गेले होते. इटालियनमध्ये मेंढीला काय म्हणतात ते माहीत नव्हतं, म्हणून ते मेंढीसारखे ओरडले. त्या माणसानं डोळे बारीक केले. त्याला वाटलं आपली चेष्टा चाललीय. आप्पांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, हातानं लहान पोराची उंची दाखवली, वडील दाखवले, काठी दाखवली, पुन्हा मेंढीसारखं ओरडले, आणि मग वडिलांसारखी हाक मारली. जिभेची, ओठांची, लांबच लांब ओढलेली हाक. स्टोअरच्या पत्र्यात ती घुमली.

तो माणूस हळूहळू खिडकीच्या फळीवर टेकला. "पेकोरा," म्हणाला. मग त्यानं आपली हाक मारली. वेगळी होती, पण शेवटी ओढ तीच.

नंतर अर्धा तास दोघं फळीवर नट आणि वॉशर मांडत बसले. मोठे नट म्हणजे डोंगर, वॉशर म्हणजे मेंढरं, तेलाचा डाग म्हणजे समुद्र. त्याचा आजा बर्फ पडायच्या आत डोंगरातली मेंढरं समुद्राकडच्या मैदानात नेत असे. चालत. कित्येक दिवस. आप्पांनी त्याच नटांचा सह्याद्री केला आणि भांडगावाहून कोकणात वॉशर उतरवले. "आमचं बी तसंच," ते मराठीतच म्हणाले, आणि त्याला ते कळलं.

त्यानंतर तो रोज खिडकीशी यायचा. आठ महिन्यांत आप्पांची इटालियन बरी झाली. व्याकरण काहीच नव्हतं, पण भांडता येईल इतकी झाली. पुढं तो दर वर्षी देखभालीला यायचा तेव्हा आधी स्टोअरला यायचा, मग साहेबांच्या केबिनला.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी तो आलेला असताना, दुपारच्या चहाच्या आधी, प्रेसशेजारी खाली बसला. मी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं, म्हणून मला बोलावलं. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. मी इंग्रजीत विचारलं, कुठं दुखतंय? तो माझ्याकडं बघत राहिला. इतकी वर्षं बोलत असलेली इंग्रजी त्याच्यातून निघून गेली होती. पुटपुटत होता ते सगळं इटालियनमध्ये. मी आप्पांना बोलवायला पोरगा पळवला.

ॲम्ब्युलन्स आली. एचआरचे साहेब म्हणाले, "स्टोअरचं काय काम? आम्ही जातो." पण त्या माणसानं आप्पांची बाही धरली होती ती सोडेना. शेवटी साहेब पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, आणि मागं आम्ही दोघं.

शिरूरपर्यंतचा तो रस्ता मला अजून पाठ आहे. ऑक्सिजन लावला होता. तो मास्क बाजूला करून आप्पांच्या कानात काहीतरी बोलला. त्यात मला एकच ओळखीचा शब्द लागला, मोल्ला. आप्पांचा चेहरा बदलला. त्यांनी काहीतरी विचारलं. त्यानं मान हलवली, आणि मग पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत राहिला. आप्पा बराच वेळ त्याचा हात हातात धरून बाहेर बघत होते. मला वाटलं, शब्द सापडत नसावेत. मग वाकून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ते एकेक शब्द सुटा करून बोलले.

"दोत्तोरे, सी. दित्ता, नो."

तो डोळे मिटून पडून राहिला. आप्पांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यानं त्यांचा हात दाबला.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी विचारलं, याला आधी काही त्रास होता का? साहेब म्हणाले, आमच्या रेकॉर्डला तरी काही नाही. आप्पा पुढं झाले. "डॉक्टर, मला एकट्याला तुमच्याशी बोलायचंय." साहेब हलेनात. आप्पा त्यांच्यापुढं तसेच उभे राहिले, हात बांधून, खाली बघत. मी त्यांना साहेबांपुढं कधी असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा." मलाही बाहेर काढलं याचा मला रागच आला.

पाच मिनिटांत सगळी धावपळ सुरू झाली. डॉक्टरांनी पुण्याला फोन लावला, औषध दिलं, आणि त्याच गाडीनं त्याला पुढं रवाना केलं. आप्पा सोबत गेले. संध्याकाळी फोन आला, हृदयाची बंद पडत आलेली नळी उघडली, माणूस वाचला. आप्पा दोन दिवस तिथंच राहिले. नर्स त्याला काही विचारायची ते आप्पा सांगायचे, आणि तो काही सांगायचा त्यातलं निम्मं नर्सला सांगायचे. उरलेलं निम्मं शिव्या असायच्या.

परत आल्यावर साहेबांनी आप्पांना केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीला.

"ॲम्ब्युलन्समध्ये तो काय बोलला?"

"दुखतंय म्हणाला."

"आणि?"

"आईची आठवण काढली."

"आप्पा, त्याला आधीचा आजार होता का, हे कंपनीला माहीत असायला हवं. तुम्ही कंपनीचे नोकर आहात."

"व्हय साहेब. नोकर कंपनीचा हाय. भाषा कंपनीची न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, मला इटालियन येत नाही. ते खरंच होतं.

पुढच्या खेपेला इटलीची माणसं आली तेव्हा कंपनीनं पुण्याहून रीतसर दुभाषी आणली. आप्पांना मशीनशॉपमध्ये जायला मनाई झाली. आम्हाला सगळ्यांना त्यांचं वाईट वाटलं. बसमध्ये मी तसं म्हणाले, तर ते हसले. "आगं, ती बाई रोज जेवायला माझ्याच टेबलावर बसती. तिला सगळं व्याकरण येतंय. चार वर्सं मी त्या माणसाशी बाईमाणसाचं क्रियापद लावून बोलत होतो म्हणं. त्यानं कवा सांगितलं न्हाई बघ."

मला खरी गोष्ट कळली ती दोन वर्षांनी. तोवर तो इटालियन निवृत्त झाला होता. भांडगावला आप्पांच्या घरी मी एका रविवारी गेले होते, आणि त्याचा व्हिडिओ कॉल आला. मला बघून तो ओरडलाच. मग शर्टाचं बटण काढून छातीवर बोट ठेवलं आणि भराभर बोलायला लागला. आप्पा माझ्यासाठी मराठी करत गेले. आमच्याकडं यायच्या दोन वर्षं आधी त्याच्या हृदयात पहिली स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली होती. ते त्यानं आपल्या कंपनीपासूनही लपवलं होतं. कळलं असतं तर परदेशी पाठवणं बंद झालं असतं, आणि बायको गेल्यावर त्याला घरी बसवत नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये तो एकच सांगत होता, कुणाला सांगू नको.

"आन् मी म्हणालो, डॉक्टरला सांगतो, कंपनीला न्हाई."

"त्यानं हो म्हटलं नसतं तर?" मी विचारलं.

आप्पांनी फोनकडं बघितलं. पलीकडं तो माणूस शर्टाची बटणं लावत होता. "तरी सांगितलं असतं," ते म्हणाले. "आन् मग त्याच्याशी पुन्यांदा त्याच्या भाषेत बोललो नसतो. तोंड राहिलं नसतं." मग त्यांनी तेच इटालियनमध्ये त्याला सांगितलं. तो फोन घेऊन उठला आणि आम्हाला खिडकीतून त्याचा डोंगर दाखवला.

मी पुण्यात नोकरी धरली, लग्न झालं, जाणं कमी झालं. आप्पा निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या मुलाच्या मुलीला ऐकू येत नाही, असं निदान झालं. ती दीड वर्षांची होती. मावशींनी फोनवर सांगितलं, घरात कुणी जेवलं नाही. आप्पांनी चार दिवस कानात इअरफोन घातला नाही. पाचव्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरला त्यांनी एकच विचारलं, "ह्या लोकांची भाषा कुठं शिकवत्यात?"

तेव्हापासून दर शनिवारी सून आणि ते पुण्याला वर्गाला जातात. शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला ऐकू येत नाही. आप्पांसारखा कानावर जगलेला माणूस तिथं ढ ठरला. बोटं पान्यांना सरावलेली, वळत नव्हती. सून पुढच्या वर्गात गेली, मावशी घरी बसून शिकल्या, आप्पांना दोनदा पहिल्याच वर्गात बसवलं. "पयल्यांदा कळलं," ते म्हणाले, "माझ्याकडनं ओडिया शिकताना कंपनीतल्या पोरांला कसं वाटत आसंल."

गेल्या महिन्यात मी भांडगावला जाऊन आले. नात आता पाच वर्षांची आहे. अंगणात शेंगा वाळत घातल्या होत्या, त्यांच्या कडेला दोघं बसली होती. आप्पांनी जमिनीवर पाय आपटला, तशी जमिनीतून ते कळून तिनं वर बघितलं. त्यांनी हातांनी काहीतरी सांगितलं. तिनं मान हलवली, चुकलं म्हणून. त्यांनी पुन्हा केलं. तिनं त्यांची दोन बोटं धरून सरळ केली.

"हिनं मला नाव ठेवलंय," आप्पा म्हणाले. "त्यांच्यात नाव आपुन मागायचं नसतं. त्यांनी द्यायचं असतं. मला वरीसभर वाट बघायला लावली."

"काय नाव?"

त्यांनी तिला खुणेनं विचारलं. तिनं मला एकदा निरखून बघितलं, सांगावं की नाही याचा विचार करत. मग तर्जनी स्वतःच्या डाव्या भुवईवर ठेवली आणि तिरकी झर्रकन ओढली.

मी आप्पांच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यांच्या डाव्या भुवईत तिरकी जुनी खोक आहे. लहानपणी एडक्यानं शिंग मारलेलं, ते म्हणाले. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून प्रवास केला, त्यांचं प्रत्येक वाक्य ऐकलं. ती खोक मला कधी दिसली नव्हती.